पिलरचं घर की लोड बेअरिंग? भूकंपाचा विचार करून ठरवा

लातूर, धाराशिव, सोलापूर पट्ट्यात कोणी जी प्लस वन (तळमजला आणि वर एक मजला) घर बांधायला काढलं की सगळे एकच सल्ला देतात, पिलर टाका म्हणजे भूकंपाचं टेन्शन नाही. हा सल्ला अर्धवट आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे, त्यामुळे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवून लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. भूकंप घराला आडवा हलवतो, आणि घर जेवढं जड तेवढा आडवा जोर जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथल्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, आतून-बाहेरून दगड आणि मधे खडा-मातीचा भरणा, दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच, वर माळवदाची फूट-दोन फूट माती. हादऱ्यात थर फुगून सुटे झाले आणि सगळं वजन झोपलेल्या लोकांवर आलं. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, २००२ च्या नकाशात तो झोन ३ मध्ये आला, मुंबई-पुणेही त्याच झोनमध्ये.

पहिला पर्याय, साधं लोड बेअरिंग, म्हणजे पिलर नाहीत, वजन भिंतीच घेतात, पण पट्ट्यांसकट. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती सिमेंटच्या मसाल्यात, आणि जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला), पत्रा असेल तर छताखालीही सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा आरसीसी पट्टा. सलग म्हणजे सलग, नुसता खिडकीवर तुकडा टाकला तर तो लिंटेल झाला, पट्टा नाही. कोपऱ्यांत पायापासून छतापर्यंत उभी सळई, आणि दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दीड-दोन फूट लांब. एक मजली घराला हे चांगलं आणि स्वस्त पडतं, वर मजला नक्की चढवायचा असेल तर मात्र मी पुढचे पर्याय बघेन.

दुसरा, फ्रेम, म्हणजेच पिलरचं घर, आधी कॉलम-बीम-स्लॅब आणि नंतर मधे भिंती. डिझाइनप्रमाणे झालं तर उत्तमच, मोठे हॉल मिळतात, मजले वाढवता येतात. पण इथे सगळा जीव सांध्यात असतो आणि सांध्यात काय भरलंय ते स्लॅब भरल्यावर कोणालाच दिसत नाही. उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगेचंच बघा. रिंगेची टोकं काटकोनात वाकवून सोडली तर हादऱ्यात वरचं कव्हर निघतं, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतल्या कॉंक्रिटचा भुगा होतो. म्हणून टोक १३५ अंशात, कॉलमच्या पोटात वळवायचं आणि पुढे किमान ६५ मिमी शिल्लक ठेवायचं, आणि कॉलममध्ये बीमच्या खाली-वर रिंगांमधलं अंतर चार इंचाच्या वर जाऊ द्यायचं नाही. आयएस १३९२० या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची बाजू किमान ३०० मिमी सांगितली आहे, आणि आपल्याकडे भिंतीबाहेर कोपरा दिसू नये म्हणून सर्रास नऊ इंची कॉलम टाकतात, रिंगा सगळीकडे सारख्याच लांब लांब, आणि बीम-कॉलमच्या सांध्यात तर रिंग घालायचा कंटाळाच.

त्यात खाली पार्किंग किंवा शटरची दुकानं आणि वर भिंतींनी भरलेले मजले असतील तर तळमजला एकटाच कमजोर राहतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या, पिलर असूनही.

तिसरा पर्याय माझ्या मते जी प्लस वनला सगळ्यात योग्य, आणि आपल्याकडे याची चर्चा फारच कमी होते याचं मला खरंच वाईट वाटतं. इंजिनिअर याला कन्फाइन्ड मेसनरी म्हणतात. आधी भिंत बांधायची, कोपऱ्यात आणि मोठ्या दारा-खिडक्यांच्या बाजूला विटांचे दाते आत-बाहेर सोडायचे, तिथे सळया आधीच उभ्या असतात, मग त्या खाचेत भिंतीच्याच जाडीचा कॉलम भरायचा. कॉंक्रिट दात्यांत शिरतं आणि भिंत-कॉलम एकजीव होतात, वजन भिंतच घेते, कॉलम-बीम तिला चारी बाजूंनी आवळून धरतात. दोन बाजूंना भिंतच असल्यामुळे सेंट्रिंगच्या फळ्या फक्त उरलेल्या बाजूंना लागतात, स्टीलही फ्रेमपेक्षा कमी. चिली, पेरू, मेक्सिकोत अशी घरं वर्षानुवर्षं बांधतात, आणि आपल्याकडे आयआयटी गांधीनगरच्या कॅम्पसमधली होस्टेल आणि स्टाफ क्वार्टर याच पद्धतीची आहेत.

यात अडचणी नाहीत असं नाही. नंतर भिंत पाडून हॉल मोठा करता येत नाही, वरची भिंत खालच्या भिंतीवरच यावी लागते, दोन कॉलममधलं अंतर पंधरा फुटांच्या आत ठेवावं लागतं, आणि तीन-चार मजल्यांच्या पुढे हा विचारच नको. गवंड्याला आधी कॉलम भरायची सवय असते, तो तसंच करायला जाईल, तिथे ठाम राहा, कारण क्रम उलटा झाला की ते नुसतं बारीक कॉलमचं फ्रेम होतं आणि ते तिन्हींत सगळ्यात वाईट.

काळ्या मातीवर प्लॉट असेल तर पद्धत कुठलीही घ्या, पाया मुरमापर्यंत न्यावाच लागेल. कोयनेकडे बांधणार असाल तर २००२ च्या नकाशात तिथे झोन ४ आहे, १९६७ चा भूकंप तिथलाच, तिथे एक मजली घरालाही डिझाइन करून घ्या.

मग मी काय निवडेन? एक मजली आणि बजेट कमी, तर पट्ट्यांचं लोड बेअरिंग. दोन मजली राहतं घर, तर कन्फाइन्ड. खाली दुकानं हवीतच किंवा तीनच्या वर मजले, तर फ्रेम, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग हातात असेल आणि कॉलम, बीम, स्लॅब भरायच्या आधी तो स्वतः येऊन रिंगा बघणार असेल तरच. ही फी वाचवायची असेल तर फ्रेमच्या वाटेला जाऊ नका.

ज्यांचं फ्रेम आधीच उभं आहे आणि खाली पार्किंग मोकळं आहे त्यांनी इंजिनिअरला एवढं जरूर विचारा, की दोन्ही दिशांना काही कॉलमच्या मधे आरसीसी भिंत टाकता येईल का. एखाद-दोन गाड्यांची जागा जाईल, जाऊ दे.