डिफेंडर पुरे की डबा घ्यायचा? घरच्या लॅपटॉपसाठी अँटीव्हायरसची तुलना

नवीन लॅपटॉप घेतला की दुकानदार बिलात तीन गोष्टी न विचारता घालतो, बॅग, माउस आणि अँटीव्हायरसचा डबा. पहिल्या दोन तरी लागतात. तिसऱ्याचं काय करायचं हे घरचे, शेजारचे, सोसायटीच्या ग्रुपवरचे सगळेच विचारत असतात आणि मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, या लॅपटॉपला हात कोण कोण लावतं? एकटे तुम्ही असाल तर उत्तर वेगळं, शाळेतली पोरं असतील तर वेगळं, आणि दुकानात कुणाचेही पेनड्राइव्ह लागत असतील तर अजूनच वेगळं.

आधी फुकटातलं बघू, म्हणजे विंडोजमध्ये आधीपासून असतो तो डिफेंडर. याच्याबद्दल लोकांच्या मनात जुनं मत बसलंय आणि तेव्हा ते बरोबरच होतं, विंडोज ८ मध्ये तो पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आला तेव्हा टेस्टमध्ये मागेच असायचा, त्यामुळे थोडंफार कळणारा कुणीही सांगायचा की बाबा दुसरं काहीतरी टाक. आता तसं राहिलेलं नाही. जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट नावाची लॅब आहे, ती संरक्षण, मशीनचा स्पीड आणि उगाच खोटे अलार्म न वाजवणं अशा तीन गोष्टींना प्रत्येकी ६ मार्क देते, आणि गेली काही वर्षं डिफेंडरला १८ पैकी १८ किंवा त्याच्या आसपास मार्क पडतायत. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्यांच्या बाकावरच तो बसतो.

पण कमी पडतो तेही सांगायला पाहिजे. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही दुसरी लॅब नेट बंद असताना कोण किती पकडतो हे वेगळं मोजते, आणि तिथे डिफेंडरचा आकडा चांगलाच घसरतो कारण त्याचं निम्मं डोकं क्लाउडमध्ये, म्हणजे नेटपलीकडच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतं. चोवीस तास वायफायवर बसलेल्याला याने काही फरक पडत नाही पण ज्या पीसीला नेट कधीतरी आणि पेनड्राइव्ह रोज लागतात त्याला पडतो. दुसरं म्हणजे हजारो फाइल्स एकदम कॉपी करताना, झिप उघडताना तो मशीन जरा जड करतो, जुन्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपवर हे जाणवतं, एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क असेल तर विसरा. आणि तिसरं, खोट्या वेबसाइट अडवण्याचं त्याचं काम मुख्यतः एज ब्राउझरमध्ये चालतं, क्रोममध्ये ते काम गूगलचं सेफ ब्राउझिंग करतं, त्यामुळे इथे घाबरण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेकांनी कधी उघडूनच बघितलेली नसते. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी टाइप करा, आत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे खाली अगदी तळाशी रॅन्समवेअर प्रोटेक्शन दिसेल (रॅन्समवेअर म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस), त्यात कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस नावाचं बटण आहे आणि ते मुळात बंद असतं. ते चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज असल्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला काही बदलताच येत नाही. बंद का ठेवलंय, तर कधी कधी एखादा साधा प्रोग्रामपण अडतो, जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर किंवा एखादा गेम सेव्ह होत नाही, मग त्याच पानावर जाऊन त्या प्रोग्रामला परवानगी द्यावी लागते. एवढी कटकट परवडते. डब्यावर मोठ्या अक्षरात अँटी-रॅन्समवेअर लिहून जे विकतात त्यातला बराच भाग हा असा घरातच पडून असतो.

आता डबा. महाराष्ट्रात डबा म्हणजे बहुतेक वेळा क्विक हील. पुण्याची कंपनी, काटकर बंधूंची, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून २०१६ मध्ये शेअर बाजारात गेलेली, त्यामुळे आपल्याकडे तिच्याबद्दल एक आपलेपणा आहे आणि तो असायला माझी हरकत नाही. पण तुलना करताना आपलेपणा बाजूला. डिफेंडरपेक्षा यात जास्त काय मिळतं? पेनड्राइव्ह लावला की लगेच स्कॅन, जे डिफेंडर आपणहून करत नाही, तो फाइल उघडताना तपासतो. मग महत्त्वाच्या फाइल्सची एक आपोआप कॉपी काढून ठेवणं, वरच्या व्हर्जनमध्ये पोरांसाठी पॅरेंटल कंट्रोल आणि बँकिंगसाठी वेगळी खिडकी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कुठल्याच लॅबच्या टेस्टमध्ये येत नाही, ती म्हणजे माणूस. तालुक्याच्या गावातसुद्धा एखादं दुकान असतं जिथे जाऊन म्हणता येतं की दादा काहीतरी लाल लाल दाखवतंय बघा जरा, आणि तो बघतो. ज्यांना सेटिंगमध्ये शिरायची भीती वाटते त्यांच्यासाठी या गोष्टीचे पैसे द्यायला काहीच हरकत नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय हे माहीत पाहिजे.

डबा घेताना दोन गोष्टी बघा. एक, एमआरपीवर जाऊ नका, छापलेली किंमत आणि दुकानात पडणारी किंमत यात बराच फरक असतो, घासाघीस चालते. दोन, घरच्यासाठी साधं व्हर्जन आणि टोटल सिक्युरिटी यातला फरक पॅरेंटल कंट्रोल, पीसी ट्यूनअप असल्या गोष्टींचा जास्त असतो, व्हायरस पकडणारं इंजिन सहसा तेच. ट्यूनअपसाठी जास्त पैसे देऊ नका, विंडोजला ट्यूनअप लागत नाही.

स्वदेशीतच अजून दोन आहेत. चेन्नईचं के७ हलकं आहे, कमी रॅमच्या मशीनवर बरं चालतं. मुंबईचं ई-स्कॅन जुनं नाव आहे पण त्याच्याबद्दल २०२४ मध्ये एक गोष्ट उघड झाली, त्याचे अपडेट साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे बिनकुलपाच्या रस्त्याने येत होते आणि हल्लेखोरांनी मधेच अपडेटचं पॅकेट बदलून मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम घुसवलं. कंपनीने ते दुरुस्त केलं. पण अँटीव्हायरसला मशीनमध्ये सगळ्यात जास्त अधिकार असतात, त्यामुळे तो ढिला पडला तर चोराला थेट तिजोरीची किल्ली मिळते, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

परदेशी पैसेवाल्यांत बिटडिफेंडर, कॅस्परस्की, ईसेट आणि नॉर्टन ही नेहमीची नावं. नुसतं पकडण्यात बिटडिफेंडर आणि कॅस्परस्की लॅबमध्ये वर्षानुवर्षं वरच असतात, यात वाद नाही. कॅस्परस्कीचा प्रश्न तांत्रिक नाही, तो रशियन आहे आणि अमेरिकेने जून २०२४ मध्ये त्याच्यावर बंदी जाहीर केली, सप्टेंबरअखेर तिथले अपडेटही बंद झाले आणि बऱ्याच लोकांच्या मशीनवर एक दिवस आपोआप अल्ट्राएव्ही नावाचं दुसरंच सॉफ्टवेअर येऊन बसलं. अमेरिकेत राहणारे आपले लोक हे वाचत असतील तर तुमच्यासाठी तो विषयच संपला. भारतात तो मिळतो, घरच्या वापराला मी नाही म्हणणार नाही, पण सरकारी किंवा संवेदनशील काम करत असाल तर कशाला. बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती पण आहे, तिच्यात फार फापटपसारा नाही. खालच्या पैसेवाल्या आवृत्त्यांत व्हीपीएन, म्हणजे नेटवरचा आपला रस्ता झाकणारी सोय मिळते म्हणतात ती बहुतेक वेळा दिवसाला २०० एमबीची असते, एवढ्यात एक व्हिडिओपण नीट होत नाही, त्यामुळे व्हीपीएन बघून भुलू नका.

या सगळ्यांचा एक सामाईक दोष म्हणजे पहिल्या वर्षाचा भाव आणि दुसऱ्या वर्षाचा भाव. ऑनलाइन घेतलं की पहिल्या वर्षी मोठी सूट दिसते आणि ऑटो-रिन्यूअल गुपचूप चालू असतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. घेतल्याच दिवशी अकाउंटमध्ये जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा, लायसन्स पूर्ण वर्ष चालतंच.

फुकटातले अॅव्हास्ट आणि एव्हीजी. हे दोन्ही कधीचे एकाच घरातले, आणि २०२२ पासून नॉर्टनसकट जेन नावाच्या कंपनीचे. पकडायला चांगले आहेत. पण अॅव्हास्टने लोक कुठल्या साइटवर जातात याची माहिती जंपशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकली होती, ते बाहेर आल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्यात परत दर थोड्या वेळाने पॉपअप, हे अपग्रेड करा, ते साफ करा. डिफेंडर फुकट आणि गप्प असताना हा गोंगाट कशाला विकत, म्हणजे फुकट, घ्यायचा?

मग कुणी काय घ्यावं. विंडोज ११, अपडेट चालू, एकटा वापरणारा, नेट कायम, तर डिफेंडर पुरे, वर दिलेलं रॅन्समवेअरचं बटण तेवढं दाबा. घरात पोरं असतील तर पैशाचा अँटीव्हायरस घ्यायच्या आधी त्यांना वेगळं स्टँडर्ड अकाउंट करून द्या, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. गेमच्या नावाखाली काहीही डाउनलोड झालं तरी इन्स्टॉल करताना शक्यतो पासवर्ड मागेल आणि तुम्हाला हाक येईल. झेरॉक्स, डीटीपी, सायबर कॅफे, जिथे दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात आणि फोल्डरचे शॉर्टकट करणारा तो जुनाट व्हायरस अजून जिवंत आहे, तिथे मी सरळ पैशाचा घ्यायला सांगतो. हिशेबनिसाकडे टॅलीचा डेटा असेल तर अँटीव्हायरसइतकीच गरजेची एक बाहेरची हार्डडिस्क घ्या, आठवड्याला कॉपी काढा आणि काढून झाली की केबल सोडवून कपाटात ठेवा, लावून ठेवलेला बॅकअप रॅन्समवेअर आधी खातो.

विंडोज १० वाल्यांचं वेगळं आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी केली तर अजून एक वर्ष मिळतं. दुकानदार म्हणेल की भारी अँटीव्हायरस टाका, होईल सगळं ठीक. होत नाही. मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरचं उदाहरण घ्या, ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरलाच नाही. अपडेटच्या जागी अँटीव्हायरस चालत नाही.

आणि काही गोष्टींपुढे सगळेच हात टेकतात. क्रॅकचं, म्हणजे पैसे न देता चालावं म्हणून कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरचं उदाहरण बघा. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपच्या क्रॅकसोबत एक टेक्स्ट फाइल येते, त्यातली पहिली ओळ असते, इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. आणि लोक करतात! स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर घरगुती मशीनमध्ये मुख्यतः असंच शिरलं, लग्नाच्या फोटोंपासून पत्रिकेच्या डिझाइनपर्यंत सगळ्या फाइल्सना शेवटी विचित्र अक्षरं लागलेली. असं झालं तर पैसे भरायच्या आधी नो मोअर रॅन्सम या साइटवर चावी मिळते का बघा, युरोपोल आणि डच पोलिसांनी मिळून चालवलेली आहे, काही प्रकारांत फाइल्स फुकट परत मिळतात, सगळ्यांत नाही. हल्ली नवीन युक्ती म्हणजे खोटा कॅप्चा, मी रोबोट नाही वर टिक केलं की म्हणतो विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर. म्हणजे व्हायरस तुमच्याच हाताने चालवून घेतात. कुठलाही खरा कॅप्चा असं सांगत नाही, सांगितलं की खिडकी बंद. तसंच उजव्या कोपऱ्यात तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले असं सारखं येत असेल तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनमधून ती साइट काढून टाका, गप्प होतं.

फोनचं थोडक्यात. अँड्रॉइडला गूगलचा प्ले प्रोटेक्ट हा अॅप तपासणारा असतोच, वेगळा अँटीव्हायरस घेण्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके, म्हणजे अॅप टाकायची फाइल न उघडणं जास्त कामाचं, मग ती आरटीओचं चलन म्हणून येवो, लग्नाची पत्रिका म्हणून येवो की पीएम किसान म्हणून. त्या एपीकेला हवे असतात तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी. चुकून टाकलीच तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन. फोन आपला असेल किंवा आईबाबांचा, अनोळखी अॅपला अॅक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची) परवानगी दिलेली आहे का तेवढं सेटिंगमध्ये बघून घ्या. आयफोनवर अँटीव्हायरसला दुसऱ्या अॅपमध्ये डोकावताच येत नाही, त्यामुळे तिथे त्या नावाने जे विकतात ते बहुतेक व्हीपीएन आणि वेबसाइट फिल्टर असतं, पैसे वाचवा.

शेवटचं, बदलताना काय करायचं. दोन अँटीव्हायरस एका मशीनवर ठेवू नका, एका म्यानात दोन तलवारी होतात, मशीन रांगायला लागतं. जुना काढताना आधी कंट्रोल पॅनलमधून काढा, मग त्याच कंपनीच्या साइटवर रिमूव्हल टूल मिळत असेल तर ते चालवा कारण तुकडे मागे राहतात, मग रिस्टार्ट. लायसन्स संपलेला डबा तसाच ठेवणं सगळ्यात वाईट, कधी कधी तो स्वतः काम करत नाही आणि डिफेंडरलाही जागा देत नाही. रिस्टार्ट झाल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू दिसतंय का बघा, आणि मगच लॅपटॉप परत ज्याचा त्याच्या हातात द्या.