पोटासाठी घेतलेल्या सगळ्या वस्तूंचा रिव्ह्यू : साधी इसबगोलची भुशी पहिली, बाकीचं नंतर

आयबीएस (म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोट दुखत राहणं आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणं, हा आतड्याचा जुना त्रास) असलेल्या माणसाच्या घरात चूर्णं, अर्क, मुरंबे, काढे, कॅप्सूल यांचा एक कप्पा असतोच, माझ्याकडेही आहे. त्यातलं मी काय परत विकत घेते आणि काय पुन्हा घेणार नाही ते लिहितेय, कारण माझ्या ओळखीत इतक्या बायका आहेत ना ज्या "सकाळी पोटच साफ होत नाही" किंवा "जेवले की लगेच पळावं लागतं" म्हणत कुणी सांगेल ते आणतात, आणि पैसे जातात ते जातात वर त्रासही वाढतो. मी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला नोकरीला जाते त्यामुळे सकाळी पोटाने साथ दिली नाही तर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नाही, कसारा घाटात पोटात मुरडा आला की डब्यातल्या टॉयलेटसमोरची रांग डोळ्यासमोर दिसते. माझा प्रकार मिक्स आहे, म्हणजे काही दिवस पातळ आणि काही दिवस अजिबातच नाही.

आधी तपासणी, मग औषध, हे मात्र नीट वाचा. आयबीएस म्हणायला डॉक्टर साधारण असं बघतात की गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतंय का, त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची आहे का, आणि दुखण्याचा शौचाला जाण्याशी, किती वेळा जातो त्याच्याशी, किंवा शौच कशी होते त्याच्याशी संबंध आहे का (या तिन्हीतल्या किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात). २०१६ पासूनचे हे निकष आहेत, रोम निकष म्हणतात त्यांना. पण शौचातून रक्त जाणं, काही कारण नसताना वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी येणं, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागणं, ताप, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू होणं, यातलं एक जरी असेल तर हा रिव्ह्यू बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांकडे जा. माझी रक्ताची, थायरॉइडची, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारखा जो सीलिअ‍ॅक आजार असतो त्याची, अशा तपासण्या झाल्या आणि सगळं नॉर्मल आल्यावरच मी या वस्तूंकडे वळले.

आता इसबगोल. साधी, पांढरट, कसलाही फ्लेवर नसलेली भुशी, जी आपल्या आज्या-आया वर्षानुवर्षं डब्यात ठेवत आल्यात. ही गुजरातकडून येते, उंझा-सिद्धपूर हा तिचा मोठा पट्टा, टेलिफोन छाप डबा तर सगळ्यांच्या माहितीचा. बी वेगळं आणि भुशी वेगळी, आपल्याला भुशी हवी. सब्जासुद्धा वेगळा, दुकानात गोंधळ होतो म्हणून सांगते.

ही एकच वस्तू अशी आहे जी माझ्या दोन्ही प्रकारच्या दिवसांत उपयोगी पडली आणि त्याला कारण आहे. भुशी पाणी धरून ठेवते आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत होते, मग शौच घट्ट असेल तर ती मऊ करते आणि पातळ असेल तर त्यातलं जास्तीचं पाणी शोषून तिला आकार देते. शिवाय आतड्यातले जंतू हिला फारसं आंबवत नाहीत त्यामुळे बाकीच्या फायबरच्या मानाने गॅस कमी होतो. याच्या उलट गव्हाचा कोंडा. आपल्याकडे "फायबर वाढवा" म्हटलं की लगेच कोंडा घातलेल्या पोळ्या सुरू होतात, पण नेदरलँड्समध्ये २७५ आयबीएस रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात काहींना रोज १० ग्रॅम इसबगोल, काहींना १० ग्रॅम कोंडा आणि काहींना नुसतं तांदळाचं पीठ असं १२ आठवडे दिलं, तर फायदा इसबगोलवाल्यांना झाला, कोंड्याने तसा झाला नाही आणि कोंडा खाणाऱ्या बऱ्याच जणांनी त्रास वाढला म्हणून मध्येच सोडलं. हे वाचल्यापासून घरात कोंडा बंद झालाय.

घ्यायची पद्धत फार महत्त्वाची आहे, निम्म्या तक्रारी पद्धतीमुळेच येतात. सुरुवात एका छोट्या चमच्यापासून, मोठा ग्लासभर पाण्यात, ढवळायचं आणि लगेच पिऊन टाकायचं, ठेवलं की गोळा होतो आणि गिळवत नाही. वर अजून थोडं पाणी. चार-पाच दिवसांनी हळूहळू वाढवायचं, कारण पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले की पोट टम्म फुगणारच आणि मग लोक म्हणतात इसबगोल मला सूट होत नाही. कोरडी तर कधीही तोंडात टाकायची नाही, घशात अडकू शकते, म्हाताऱ्या माणसांना देताना तर विशेष जपायचं, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. परिणाम एका रात्रीत नाही, मला दोनेक आठवड्यांनी फरक जाणवायला लागला आणि पुढे तो टिकला. पातळ होत असताना दह्यातून आणि घट्ट असताना दुधातून घ्यायची पद्धत घरोघरी आहे पण दूध पचत नसेल तर दुधातून घेण्यात काही अर्थ नाही, सरळ पाणी वापरा.

संत्रं फ्लेवरचं, लिंबू फ्लेवरचं जे येतं त्यात बऱ्याचदा साखर असते नाहीतर कृत्रिम गोडी असते, शुगर असलेल्यांनी लेबल बघावं. मी साधंच घेते. नाशिकच्या भद्रकालीतल्या काष्ठौषधीच्या दुकानांत सुटी भुशीही मिळते आणि ती घ्यायला हरकत नाही, फक्त रंग पांढरट-गुलाबीसर हवा, काळे कण आणि धूळ नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र सुटी घेऊ नये असं माझं मत, ओल लागली की लगेच गुठळ्या होतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कमी यासाठी की चवीला काहीच नाही आणि प्रवासात घ्यायला त्रासाचं आहे.

दुसऱ्या नंबरवर हिंग्वाष्टक चूर्ण. हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं आणि सैंधव, आठच गोष्टी, सगळ्या आपल्या स्वयंपाकघरातल्या. हे पाण्याबरोबर फक्की मारायचं चूर्ण नाही, जेवणाच्या पहिल्या घासाला तुपात कालवून गरम भाताबरोबर घ्यायचं अशी जुनी पद्धत आहे आणि तसंच घेतलं की फरक कळतो. जेवणानंतर पोट दगडासारखं फुगणं हा जो त्रास असतो ना त्याला मला यासारखं दुसरं काही लागू पडलं नाही. पण तिखट आहे, अ‍ॅसिडिटीवाल्यांनी जपून, आणि मीठ असल्यामुळे बीपी असेल तर रोज नको. आणि एक, आपण जो हिंग आणतो तो बहुतेक वेळा शुद्ध नसतो, गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळून बनवलेला असतो, गव्हाने त्रास होणाऱ्यांनी डबी उलटी करून वाचावी. (खरा हिंग पूर्वापार इराण-अफगाणिस्तानकडून येतो, आपल्याकडे २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौलमध्ये त्याची लागवड सुरू झालीये, ती वाढो आणि चांगला हिंग स्वस्त मिळो.) पाचपैकी चार.

पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल. घरातला पुदिना, पुदिन्याचा चहा, अर्काचे थेंब हे सगळं बरं वाटतं पण आयबीएसच्या मुरड्यासाठी ज्या कॅप्सूल सांगतात त्या वेगळ्या, त्यांच्यावर आवरण असतं म्हणजे त्या पोटात न फुटता पुढे आतड्यात जाऊन फुटतात. पुदिन्यातलं मेन्थॉल आतड्याच्या स्नायूंना सैल करतं, मुरडा त्या आवळण्यामुळेच येतो. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात आयबीएससाठी पुदिना सुचवलाय, सगळ्या अभ्यासांत सारखाच फायदा दिसलेला नाही तरीही. माझ्या बाबतीत गाडी पकडायच्या दिवशीच्या मुरड्याला खरंच आराम पडतो. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, न चावता. चावली तर आवरण गेलं आणि छातीत जळजळ नक्की. ज्यांना आधीच घशाशी आंबट येतं त्यांनी यापासून लांबच राहा. महाग आहेत म्हणून रोज घेत नाही. साडेतीन.

बेलाचा मुरंबा मी बुधवारच्या बाजारातून, गोदाघाटावरून आणला होता. कच्चा बेल जुलाब थांबवायला आणि पिकलेला पोट मोकळं व्हायला, असं दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे कुठला घेताय ते विचारून घ्या. मुरंब्यात साखर इतकी असते की मला पोटापेक्षा साखरेचीच काळजी वाटायला लागली. चवीला छान आहे, औषध म्हणून दोन.

कुटज, म्हणजे कुड्याची साल, जुलाबाच्या प्रकारात वैद्य देतात आणि पंचवटीतल्या वैद्यांनी मलाही काही काळ दिली होती, गुण आला. पण ती माझ्या बद्धकोष्ठाच्या दिवसांत चालू ठेवायची नाही हे त्यांनीच बजावलं होतं म्हणून हिला स्टार देत नाही, ती स्वतःच्या मनाने घ्यायची वस्तूच नाही. ताकाचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलंय, चरकसंहितेतल्या ग्रहणीच्या (आयुर्वेदातला पचन बिघडण्याचा आजार) अध्यायातसुद्धा ताकाचा मोठा मान आहे, आणि लोणी काढलेलं, ताजं, जिरं-सैंधव घातलेलं पातळ ताक दुपारी मला सोसतं. दूध अजिबात न सोसणाऱ्यांनी अर्ध्या वाटीपासून बघावं.

आता जे परत घेणार नाही ते. "एका रात्रीत पोट साफ" असं लिहिलेली चूर्णं. डबी फिरवून बघा, बहुतेकांत सोनामुखी असते. सोनामुखी आतड्याला चिमटा काढून काम करते, कधीतरी अडलेल्या वेळी ठीक, पण आयबीएसचं आतडं आधीच हळवं असतं त्याला रोज रोज डिवचलं की मुरडा वाढतो आणि पातळ प्रकारवाल्यांना तर हे विषच. माझ्या शेजारच्या मावशी कित्येक वर्षं रोज घेतात आणि आता त्याशिवाय होतच नाही म्हणतात, मला त्यांची खरंच काळजी वाटते. तसंच मोबाइलवर जाहिरात बघून मागवलेलं एक "आयबीएस मुळापासून" किट, नाव लिहीत नाही, किंमत भरपूर, आणि बाटलीवर घटकांचं प्रमाण नाही. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटक, लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख हे सगळं असायलाच हवं, नसेल तर तोंडात घालू नका, कितीही स्टार दिसू देत. आणि ज्येष्ठमध असलेलं काही रोज घेत असाल तर बीपी तपासत राहा, तो जास्त दिवस घेतला की बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं.

आणि कांदा-लसूण. लासलगावच्या जिल्ह्यात राहून हे लिहायला मलाही जड जातं. पण कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, काहींना दूध, यातल्या काही साखरा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात, पाणी ओढतात, गॅस करतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने यावरून लो फॉडमॅप नावाचा आहार बनवला, दोन ते सहा आठवडे हे पदार्थ बंद, मग एकेक परत आणून बघायचं कुठल्याने त्रास होतो. कायमचं बंद करायचं नसतं, हे लोक विसरतात आणि वाळून जातात, म्हणून आहारतज्ज्ञांना विचारूनच करा. माझा दोषी कांदा निघाला, गहू नाही. आणि याला आपल्याच स्वयंपाकात उत्तर आहे, लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकायच्या, त्रास देणारी साखर पाण्यात उतरते तेलात नाही म्हणून वास-चव राहते आणि पोट शांत राहतं. कांद्याऐवजी कांदापातीचा फक्त हिरवा भाग, पांढरा नाही. घरी मटकीची मिसळ करते तेव्हा कट असाच करते, मोड आलेली मटकी थोडीच घेते आणि वरून कच्चा कांदा नाही, बाहेरच्या कटासारखा दाट होत नाही पण रविवार सुखाचा जातो.

भुशीबद्दल शेवटचं. थायरॉइडची, शुगरची किंवा कुठलीही रोजची गोळी असेल तर ती आणि भुशी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आतडं अरुंद झालंय असं कधी सांगितलं असेल किंवा गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि पहिल्यांदा घेताना १०० ग्रॅमचा छोटा डबाच घ्या, झाकण घट्ट लावा आणि ओला चमचा आत घालू नका.