पोर्टफोलिओ साईट: नऊ महिने वापरल्यानंतर

"तुमचं आधीचं काही लिखाण पाठवाल का?" असं संपादकांनी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. सहा लिंका, दोन पीडीएफ आणि "आणखी हवं असल्यास कळवा" अशी एक ओळ. दर वेळी तीच शोधाशोध. एकदा समोरून निरोप आला की सहापैकी दोन लिंका उघडतच नाहीत. त्याच आठवड्यात पोर्टफोलिओ, म्हणजे आपलं निवडक काम एका जागी दाखवणारी साईट, करायला बसले. त्याला आता नऊ महिने झाले.

पहिला प्रयत्न तयार साचे देणाऱ्या एका सेवेवर केला. नाव सांगत नाही, कारण तक्रार त्या एकीपुरती नाही. एका संध्याकाळी साईट उभी राहिली, दिसायलाही देखणी. पण साच्यातल्या मथळ्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट लावायचा, आणि ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाचं असल्यामुळे वेलांट्या आणि रफार वरच्या कडेला कापले जायचे. लेखिकेच्या साईटवर मथळ्यातला रफारच गायब, यापेक्षा वाईट जाहिरात कोणती? शिवाय तिथून आपला मजकूर एकगठ्ठा बाहेर काढायची सोय नव्हती. सहा आठवड्यांनी एकेक पान कॉपी करत बाहेर पडले.

मग वर्डप्रेस. नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, माझाही झाला. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते २००३ पासूनचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. त्यासाठी डोमेन (साईटचं नाव) आणि होस्टिंग (साईट ठेवायला इंटरनेटवरची जागा) आपण वेगळं घ्यायचं. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी, होस्टिंगसकट मिळणारी सेवा. मी पहिला मार्ग धरला. त्यात मोकळीक आहे, पण अपडेट, बॅकअप, प्लगिनची (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) भांडणं सगळं आपल्याच गळ्यात. महिन्यातला एक तास त्यात जातो आणि तो तास मला अजिबात आवडत नाही.

माझ्याच दोन चुका सांगते. सॉफ्टवेअर बसवल्यावर 'हॅलो वर्ल्ड' नावाची नमुन्याची पोस्ट आपोआप येते. ती अकरा दिवस माझ्या लेखांच्या वर दिमाखात बसून होती. दुसरी चूक जास्त महागात पडली. साईट अर्धवट असताना कोणी पाहू नये म्हणून सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साईट घेऊ नये' या अर्थाच्या चौकटीत टिक केली होती, ती काढायलाच विसरले. स्वतःचं नाव शोधून साईट सापडत नाही म्हणून महिनाभर मी थीमला, म्हणजे साईटचं रूप ठरवणाऱ्या साच्याला, दोष देत होते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी पत्त्याकडे नीट लक्ष द्यावं. लेखाचा मथळा मराठीत असला की पानाचा पत्ताही मराठीत तयार होतो. ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून मेलमध्ये टाकला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. प्रत्येक देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट लागतात आणि पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात. म्हणजे 'मानधन' या शब्दातली म, काना, न, ध, न ही ५ चिन्हं पत्त्यात ४५ होतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागासाठी २०० अक्षरांचीच जागा असते, त्यामुळे बावीसेक चिन्हांनंतर मराठी मथळा तुटतो, तोही शब्दाच्या मध्येच. माझ्या एका लेखाचा पत्ता असा काही तुटला होता की उरलेल्या शब्दाचा अर्थ भलताच झाला. तेव्हापासून मथळा मराठी, पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा. हे लेख चढवण्यापूर्वीच करा. नंतर बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवायची सोय तपासत बसावं लागतं.

फॉन्टसाठी मी मजकुराला मुक्ता आणि मथळ्याला तिरो देवनागरी मराठी वापरते. दोन्ही मोफत आहेत, आणि तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं सैल ठेवलं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे त्यात ठेवायचं काय. मी सुरुवातीला चौतीस लेख चढवले होते. कात्रणांच्या वहीसारखं, छापून आलं ते सगळं. चौथ्या महिन्यात एका संपादकबाईंशी फोनवर बोलताना विचारलं, साईट कशी वाटली? त्या म्हणाल्या, "वरचा एक लेख अर्धा वाचला, मग तुम्हाला फोन लावला." चौतिसातला अर्धा! आणि वरचा लेख म्हणजे तारखेनुसार वर आलेला एक किरकोळ मजकूर. माझं नशीब म्हणायचं की त्यावरही त्यांनी फोन लावला.

त्या रात्री पंचवीस लेख काढले. नऊ ठेवले, तारखेनुसार नाही तर कोणत्या प्रकारचं काम हवंय त्यानुसार लावले: मुलाखती, आरोग्याविषयीचं लेखन, अनुवाद. प्रत्येकाखाली दोन ओळी टाकल्या. काम काय सांगितलं होतं आणि मी त्यात काय केलं. उदाहरणार्थ, 'बाराशे शब्दांत मागितलं होतं. तीन डॉक्टरांशी बोलून, परिभाषा टाळून लिहिलं.' या दोन ओळी लिहायला लेखापेक्षा जास्त त्रास झाला. पण विचारणा करणारे आता फोनवर त्याच ओळींचा उल्लेख करतात, लेखाचा क्वचितच.

जुन्या लेखांचं दुखणं वेगळं. युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या संगणकांना मराठी अक्षरं सारखीच कळण्याआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवलेल्या पानांच्या पीडीएफ माझ्याकडे होत्या. दिसायला मराठी, पण त्यातला मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यातले तीन लेख बसून पुन्हा टाइप केले. कात्रणाचा फोटो टाकून भागत नाही, कारण तो मजकूर शोधात सापडत नाही आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला वाचता येत नाही.

लिंका मरतात, हे तर मी आधीच भोगलं होतं. आता लेख प्रसिद्ध झाला की त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात ते पान जतन करते आणि पीडीएफ स्वतःकडे ठेवते. पूर्ण लेख मात्र स्वतःच्या साईटवर सरसकट चढवत नाही. हक्क कोणाकडे आहेत ते करारावर ठरतं, आणि 'मीच लिहिलाय की' हे उत्तर करारापुढे चालत नाही. मथळा, दोन ओळी, मूळ लिंक एवढंच ठेवते.

माझं निम्मं काम दुसऱ्याच्या नावाने छापून येतं. ते दाखवता येत नाही, आणि गुपित पाळायचं कबूल केलं असेल तर आडून सुचवताही येत नाही. दोन क्लायंटना मेलवर विचारलं. एकाने 'नाव न घेता कामाचं स्वरूप लिहायला हरकत नाही' असं लेखी दिलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. तिथली पोकळी भरायला दोन नमुना लेख मुद्दाम लिहिले आणि त्यावर 'नमुना, अप्रकाशित' असं स्पष्ट टाकलं. मला वाटलं होतं हे हिणकस दिसेल. आजवर कोणी नाक मुरडलेलं नाही.

संपर्काच्या फॉर्मने मात्र रडवलं. सात आठवडे एकही मेल नाही, म्हणून मी समजले की कोणी विचारतच नाही. मग स्पॅम उघडलं तर तीन विचारणा तिथे पडलेल्या, एक तर तातडीच्या कामाची. फॉर्ममधला निरोप माझ्या डोमेनच्या नावाने सर्व्हर पाठवत होता आणि डोमेनच्या नोंदींत त्या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी, म्हणजे एसपीएफची नोंद, मी केलीच नव्हती. तिघांनाही माफीचा मेल लिहिला. एकीने उत्तर दिलं, काम अर्थातच दुसऱ्या कोणाला गेलं होतं. आता फॉर्मच्या खाली मेलचा पत्ताही साध्या अक्षरांत दिलाय आणि दर सोमवारी स्वतःच एक 'चाचणी' पाठवते.

काम किती मिळालं? शोधात साईट सापडून थेट आलेली कामं नऊ महिन्यांत दोन. नुसतं बसवून ठेवली की कामं चालत येतील असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. मी स्वतः कोणाला प्रस्ताव पाठवते तेव्हा मात्र ती खरी उपयोगी पडते. मेल तीन ओळींचा होतो, आणि उत्तर आलं तर दुसऱ्या फेरीची ये-जा न होता थेट विषय आणि मानधनावर बोलणं सुरू होतं.

परिचयाचं पान चारदा लिहिलं. 'शब्दांवर प्रेम' वगैरे दुसऱ्याच फेरीत उडालं. आता वर एवढंच आहे: कोणत्या भाषांत लिहिते, कोणत्या विषयांवर, नवं काम कधीपासून घेऊ शकते. ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची आहे, कारण त्यामुळे 'आत्ता मोकळ्या आहात का' हा पहिला मेल टळतो. फक्त ती दर महिन्याला बदलावी लागते. हे लिहिताना आठवलं, तिथे अजून मागचाच महिना आहे. बदलून येते.