जोडप्यांचे फोटो: आधी ३५ घ्यावी की ८५?

प्री-वेडिंगची कामं यायला लागलीत, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स सोडायची आहे, पैसे एकाच प्राइमपुरते, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सपुरते आहेत, मग ३५ मिमीची घेऊ, जिच्यात जवळूनही बरंच मावतं, की लांबचं जवळ आणणारी ८५ची? असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. मी आधी ८५ घेतली होती. चार वर्षं तिच्यावरच पोट भरलं, त्यामुळे तिची निंदा माझ्या तोंडून निघणार नाही. निघालीच तर थोडीशी.

८५चं कौतुक खोटं नाही. नाक मोठं होत नाही, आणि मागच्या विजेच्या तारा, लावलेल्या स्कूटी सगळं विरघळून जातं. पण हे एकट्या माणसाचा फोटो असेल तर. दोघं आले की गणित बदलतं. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, एफ १.८ ठेवून (लेन्सचं छिद्र मोठं उघडून) सहा-सात फुटांवरून दोन चेहरे घ्या, फोकसची पट्टी, म्हणजे जेवढ्या खोलीतलं शार्प येतं ती, जेमतेम दोन-अडीच इंचांची असते. ती पुढे, तो तिच्या खांद्यामागे, की तो गेलाच. म्हणून छिद्र लहान करत एफ ४ पर्यंत यावं लागतं, आणि ज्या धूसर बॅकग्राउंडसाठी पैसे मोजले त्यातलं बरंचसं तिथेच जातं.

हे तरी चालवून घेतलं असतं. मला वैताग आला तो ओरडण्याचा.

८५वर दोघं नखशिखांत हवी असतील, आजूबाजूला जरा मोकळं ठेवून, तर वीसेक फूट मागे जावं लागतं. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक शूट होतं. ती दोघं खालच्या पायरीवर, मी मागे सरकत सरकत वर. बाजूला बायका धुणं बडवत होत्या. ‘कपाळाला कपाळ लावा!’ मी ओरडलो. मुलाला ऐकू गेलं नाही. परत ओरडलो. तरी नाही. एका मावशींना मात्र बरोबर गेलं. हातातलं धुणं थांबवून त्या म्हणाल्या, ‘अरे, कपाळाला कपाळ लाव म्हणतोय तो!’ घाटभर हशा. लावलं बिचाऱ्याने कपाळ, पण खांदे कानापर्यंत चढलेले, आणि ती डोळे मिटून सुटकेची वाट बघत उभी. फोटो शार्प आहे, अल्बममध्ये पानभर आहे. मला त्यात अजून मावशीच ऐकू येतात.

३५वर तीच दोघं आठ फुटांवरून मावतात. तिथून घरात बोलतो तसं बोलता येतं. मी हल्ली पोझ सांगतच नाही. पहिल्यांदा भेटलात तेव्हा बिल कुणी दिलं, एवढंच विचारतो आणि त्यांचं भांडण होऊ देतो.

मध्ये नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत, लग्नाला ४० वर्षं झालेल्या काका-काकूंचे फोटो काढले. मी फ्रिजला पाठ लावून उभा. काकांचा सदरा कडक इस्त्रीचा, पण वरचं बटण लोंबत होतं. अंगावर शिवू नये म्हणतात, तरी काकूंनी सुईदोरा आणला, उभ्या उभ्या दोन टाके घातले आणि दोरा दाताने तोडायला वाकल्या. काकांनी हनुवटी वर धरली, दाढी करून घेताना धरतात तशी. तो फोटो. ८५ असती तर मी गॅलरीत आणि फ्रेममध्ये काकांचा कान.

३५ही सरळ नाही. कॅमेऱ्याजवळचा हात फुगतो, कडेचा चेहरा ताणला जातो. ‘दादा, माझा दंड खरंच एवढा आहे?’ असं एका नवरीने मला तोंडावर विचारलंय. नव्हता. तेव्हापासून पाच फुटांच्या आत शिरत नाही आणि चेहरे मधेच ठेवतो. शिवाय मागचं सगळं दिसतं: सिलिंडर, पिंप, भिंतीवरचं कालनिर्णय. कालनिर्णय मी मुद्दाम ठेवतो.

लग्नात अंतरपाट खाली येतो तेव्हा बाजूने ३५मध्ये दोघांचे चेहरे एकदम मिळतात, ८५वर एकालाच धरावं लागतं. पण स्टेज व्हिडिओवाल्यांनी अडवलं, की लांबून नथ-मुंडावळ्या टिपायला ८५च लागते. काही लाजरी जोडपी फोटोग्राफर लांब असला तरच मोकळी होतात, हेही पाहिलंय. म्हणून माझी ८५ विकलेली नाही. बॅगेत तळाशी असते.

दीडपट क्रॉपवाली, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर ३५ साधारण ५२सारखी वागते, ८५ जवळपास १२८सारखी. म्हणजे वीस फुटांचे तीस. तिथे मला तरी फार विचार करावा लागला नसता.

तरी माझं ऐकून लेन्स घेऊ नका. दोन्ही एक दिवस भाड्याने आणा आणि घरीच आई-वडिलांचे फोटो काढा. दोघं पूर्ण मावावीत म्हणून ८५ घेऊन मागे सरकत जा. पाठ दाराला लागेल, आणि स्वयंपाकघरातून विचारणा होईल, ‘अरे, तू चाललास कुठे?’