कॅटलिस्ट ९३०० चा चार स्विचचा स्टॅक, वर्षभर वापरून झाल्यावर

आमच्या नाशिकच्या कारखान्यात आधी चार सुटे नेटवर्क स्विच होते, चार लॉगिन, चार व्हीलॅनच्या (एकाच नेटवर्कचे केलेले वेगळे भाग) याद्या, एकात बदल केला की उरलेल्या तिघांत करायचा हमखास विसर पडायचा. मागच्या वर्षी ते काढून सिस्कोचे कॅटलिस्ट ९३००, ४८ पोर्टवाले पीओई प्लस (नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही देणारे), असे चार घेतले आणि स्टॅक केला, म्हणजे केबलने जोडून चौघांचा मिळून एकच स्विच केला. आधीच सांगतो, वस्तू एक नंबर आहे, पण पॉवर द्यायच्या आधी वही-पेन घेऊन बसा. मी बसलो नाही.

झालं काय, उत्साहाच्या भरात चौघांना केबल लावल्या आणि रॅकचं मेन बटण दाबलं. नव्या डब्यातल्या प्रत्येक स्विचचा नंबर १ आणि प्रायॉरिटीपण (जास्त असेल त्याला पहिला मान) १ असते, त्यामुळे सगळे एकदम चालू झाले की ज्याचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा ठरलेला क्रमांक) सगळ्यात लहान तो ॲक्टिव्ह, म्हणजे सगळ्यांचा मुख्य, होतो आणि बाकीच्यांना उरलेले नंबर आपोआप मिळतात. आमच्यात सगळ्यात खालचा साहेब झाला! वरून दुसरा निघाला ४ नंबर, आणि मी आधीच छापलेली लेबलं सगळी वाया. तासभर भलत्याच पोर्टच्या वायरी उपटत बसलो, मग कळलं की पुढे निळा बीकन दिवा असतो, कमांड दिली की नेमका तो स्विच दिवा लावून दाखवतो.

बरोबर पद्धत अशी: एकेक स्विच सुटा चालू करा, चौघांत सॉफ्टवेअरचं व्हर्जन एकच आहे ना बघा (नसेल तर तो स्टॅकमध्ये व्ही-मिसमॅच दाखवत नुसता बसून राहतो), लायसन्स लेव्हलपण सारखी हवी, मग रीनंबर करा, वरच्याला प्रायॉरिटी १५, दुसऱ्याला १४, सेव्ह, बंद. सगळे बंद असताना केबल जोडा आणि पहिल्याला आधी चालू करा. नंतर प्रायॉरिटी बदलली तरी ॲक्टिव्ह लगेच बदलत नाही, रीलोड लागतो, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

आता केबल. डेटा स्टॅकच्या केबल ५० सेंटीमीटर, १ मीटर आणि ३ मीटर अशा मिळतात. आमच्या रॅकमध्ये दोन स्विचच्या मध्ये पॅच पॅनल आणि केबल मॅनेजर, म्हणजे दर ३ यूला (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) एक स्विच, आणि सप्लायरने चारही केबल ५० च्याच पाठवल्या. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतच ९ यू म्हणजे ४० सेंटीमीटर होतात, त्यात वळण धरलं की पोचतच नाही. जुगाड असा की १ ते २, १ ते ३, २ ते ४, ३ ते ४ असं जोडायचं, रिंग पूर्ण होते आणि कुठलीच केबल एकापेक्षा जास्त स्विच ओलांडत नाही. रिंग अर्धी ठेवू नका, चालते पण ४८० जीबीपीएसची निम्मी होते आणि मधली आणखी एक केबल निघाली तर स्टॅकचे दोन तुकडे. स्टॅकपॉवरच्या, म्हणजे स्विचनी आपापसात वीज वाटून घ्यायच्या, केबल वेगळ्या बरं का, त्या रिंगमध्ये चारच स्विच बसतात, डेटाच्या स्टॅकमध्ये मात्र ८.

पीओईचा हिशोब लोक हमखास चुकवतात. ४८ पोर्ट गुणिले ३० वॉट म्हणजे १४४० वॉट असं वाटतं, पण ७१५ वॉटच्या एका सप्लायवर पीओईला ४३७ वॉटच उरतात. कॅमेरे खपतात, वायफायचे एपी (ॲक्सेस पॉइंट) मात्र आम्ही चौघांत वाटून लावले, म्हणजे एक स्विच गेला तरी अख्ख्या शॉपफ्लोअरचं वायफाय जात नाही. अपलिंकपण (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी वायर) तसंच, एक १ वर, एक ४ वर, दोन्ही मिळून एकच एलएसीपी पोर्ट-चॅनल, म्हणजे दोन वायरींची मिळून एक जोडणी. अपलिंकचं मॉड्यूल वेगळं ऑर्डर करावं लागतं, कोटेशनमध्ये ती ओळ आहे का बघा.

न आवडलेली गोष्ट एकच. मेंदू एक असल्यामुळे साधं अपग्रेड केलं की चौघे एकदम रीलोड होतात, सुट्या स्विचना एकेक करून करता यायचं. आम्ही आता रविवारी रात्री करतो, सिक्युरिटीवाल्याला आधी सांगून, नाहीतर कॅमेरे गेले म्हणून त्याचा फोन येतोच.

पाचवा परवा आलाय. तो चालू करून जोडायचा नाही, बंद असताना केबल लावायची आणि मग पॉवर द्यायची, नाहीतर दोन स्टॅक भेटल्यासारखं होतं आणि हरलेली बाजू रीलोड होते. यावेळी लेबल सगळ्यात शेवटी छापणार.