काटा खरा, जागा खोटी

गेलेला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) उतरवायच्या आधी दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घालून मला एकच प्रश्न विचारला, "मॅनिफोल्ड शेवटचं कधी उघडलं होतं?" मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या. मी छातीठोकपणे सांगितलं, आठ महिन्यांपूर्वी, एक्झॉस्टच्या तापमानाचा सेन्सर बसवताना. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. "मग हे नट बघा जरा." नटांवर गंजाचा सलग थर होता, पाना लागल्याची एकही खूण नव्हती. मॅनिफोल्ड उतरवणे, ड्रिल आणि टॅप (भोक पाडून आटे घालणं), नवीन पॅकिंग, नवीन स्टड (नट बसतात ते आट्यांचे दांडे) अशा चार ओळी तेव्हाच्या बिलात होत्या. चारही ओळींचे पैसे मी हसतमुखाने दिले होते.

गाडी टर्बो डिझेल. ट्रेलर ओढायचा म्हणून रिमॅप करून घेतलं होतं. रिमॅप म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं, शेवटी जास्त डिझेल, आणि डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन वाढलं की धुराचं तापमान चढतं. लांब चढावर टर्बोच्या आधी सातशे अंशांच्या आसपास पोहोचलं की पाय सैल करायचा, एवढं मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर काटा हवा होता. गॅरेजवाल्याला मी स्पष्ट सांगितलं होतं: प्रोब (धुरात खुपसायची सेन्सरची सळई) मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी. तो म्हणाला, "साहेब, आम्ही दुसरीकडे बसवतच नाही."

सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी तयार. इथेच मला शंका यायला हवी होती. ओतीव लोखंडाच्या जुन्या मॅनिफोल्डचे स्टड गंजून धरलेले असतात, एखादा तरी तुटतो, आणि तुटलेला स्टड काढण्यात अर्धा दिवस जातो. पण त्याने मोबाइलवर फोटो दाखवला, शिकंज्यात धरलेलं मॅनिफोल्ड आणि त्यात चकचकीत भोक. मी खूश. कोणाच्या गाडीचं ते मॅनिफोल्ड, हे विचारायचं सुचलंच नाही.

वर प्रात्यक्षिकही दिलं. इंजिन थंड असताना मीटर चालू करून म्हणाला, "बघा, बाहेर २८, काट्यावर २८. अचूक." हे प्रात्यक्षिक किती बिनकामाचं होतं ते पुढे सांगतो.

मग आठ महिने मी आरामात गाडी हाणली. भरलेला ट्रेलर, लांब चढ, ऍक्सिलरेटर तळाला, आणि काटा ५२०, फार तर ५४०. कधी त्यापुढे गेलाच नाही. मित्रांना मी कौतुकाने सांगायचो की आमचं रिमॅप किती थंड आहे! हवा तोच आकडा दिसत असला की माणूस खोलात जात नाही. आधी थंड इंजिनात टिकटिक ऐकू येऊ लागली, ती मॅनिफोल्डला गेलेल्या तड्याची होती. मग टर्बोची शिट्टी बदलली, मागून निळा धूर दिसू लागला.

गाडी जॅकवर चढवली तेव्हा प्रोब सापडला. टर्बोच्या नंतर, धूर बाहेर नेणाऱ्या डाऊनपाइपवर एक नट वेल्ड करून त्यात खुपसलेला, टर्बाइनपासून (टर्बोच्या धुराने फिरणाऱ्या चाकापासून) चांगला हातभर लांब. वर उष्णतेचा पत्रा असल्याने बॉनेटमधून तो दिसणं शक्यच नव्हतं.

जागेने एवढा काय फरक पडतो? टर्बाइन फिरतं ते धुराच्याच उष्णतेवर आणि दाबावर. धूर त्यातून पसरत बाहेर पडतो, काम करतो आणि थंड होतो. इंजिन नुसतं चालू असताना टर्बो फारसं काम करत नाही, म्हणून दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखा. भार पडला की मात्र शंभर, दीडशे, दोनशे अंशांचीही तफावत पडते. म्हणजे ज्या क्षणी खरा आकडा हवा, नेमकी त्याच क्षणी चूक सगळ्यात मोठी.

मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तर त्याने सरळ हात वर केले. "सगळे तिथेच बसवतात. शंभर मिळवायचे आणि वाचायचं." आता एक कबूल करतो. टर्बोच्या नंतर प्रोब बसवणं हा काही गुन्हा नाही. टोक तुटलं तर ते टर्बाइनच्या पात्यांत जाणार नाही, म्हणून काहीजण मुद्दाम तिथे बसवतात. पण ते गिऱ्हाइकाला सांगून, आणि मॅनिफोल्ड उतरवल्याचे पैसे न घेता. शिवाय तफावत भारानुसार बदलते, तेव्हा "शंभर मिळवा" ही शुद्ध थाप.

दुसरी लबाडी वायरीची. हे प्रोब बहुतेक के प्रकारचे थर्मोकपल असतात, क्रोमेल आणि अल्युमेल अशा दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. मीटरपर्यंत वायर वाढवायची तर त्याच जातीची लागते. याने साधी तांब्याची वायर जोडली होती, आणि तो जोड इंजिनच्या कप्प्यात. मग प्रोबचं टोक आणि तो जोड यांच्यातला फरकच मोजला जातो, आणि मीटर त्यात जोडाचं नव्हे, स्वतःपाशीचं तापमान मिळवतो. जोडापाशी ९० अंश आणि मीटरपाशी ३० असतील, तर आकडा साधारण ६० अंशांनी कमी दिसणार. सकाळच्या थंड गाडीत जोड, मीटर, प्रोब सगळंच २८ वर असतं, म्हणून तेव्हा काटा अगदी सज्जन दिसतो! प्रोब उकळत्या पाण्यात बुडवून आकडा बघायची परीक्षाही जोड गरम करूनच घ्यावी, नाहीतर तीही पास होते.

दुसऱ्या मेकॅनिकने मॅनिफोल्ड खरोखर उतरवलं. दोन स्टड तुटले, दिवस गेला. चारही सिलिंडरचा धूर जिथे एकत्र येतो, टर्बोच्या तोंडाच्या अगदी आधी, तिथे टेबलावर भोक पाडून एक-अष्टमांश इंची निमुळते आटे पाडले. एकाच सिलिंडरच्या नळीत प्रोब घातला तर त्या एकाचाच हाल कळतो, शेजारचा इंजेक्टर बिघडला तरी पत्ता लागत नाही. लोखंडाचा कीस त्याने ब्रशने आणि चुंबकाने काढला. मॅनिफोल्ड गाडीवरच ठेवून भोक पाडणारेही आहेत, कीस धुराबरोबर उडून जाईल म्हणतात. तो उडून पहिल्यांदा टर्बाइनवरच आपटतो, हे मात्र सांगत नाहीत. टोक भिंतीला चिकटून न ठेवता प्रवाहाच्या मध्याशी आणलं, कारण कडेला आकडा कमी येतो.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर गाडी देण्याआधी मॅनिफोल्डच्या दोन-तीन नटांवर रंगाची बारीक रेघ मारून ठेवा, नट आणि फ्लॅंज (नटाखालची मॅनिफोल्डची सपाट कड) दोन्हींवर जाईल अशी. नट फिरला की रेघ तुटते. जुनं पॅकिंग आणि जुने स्टड परत मागा. भोकाचा फोटो मागाल तर चौकटीत तुमच्या गाडीची ओळख पटेल असं काहीतरी हवं. बिलावर नुसतं "सेन्सर बसवला" नको, "टर्बोच्या आधी" असं लिहून घ्या. या मागण्यांवर चिडणाऱ्या माणसाकडून किल्ली परत घ्या. पेट्रोलवाल्यांनी माझे आकडे धरू नयेत. तिथलं तापमान मुळात जास्त असतं, आणि काटा खाली असणं म्हणजे सगळं ठीक असंही नसतं, नॉकिंगमध्येही (इंधन सिलिंडरमध्ये आपोआप, धक्क्याने पेटतं तेव्हाही) तो उतरतो.

नव्या टर्बोचा खर्च अर्थात माझ्याच माथी. पहिल्या गॅरेजवाल्याने एक पैसाही परत केला नाही.

डाऊनपाइपमधला जुना प्रोब मी काढला नाही. फक्त त्याची वायर बदलून घेतली आणि दुसऱ्या मीटरला जोडला. दोन्ही मीटर शेजारी शेजारी आहेत. गाडी उभी राहून चालू असते तेव्हा दोघांत १५-२० अंशांचा फरक. परवा त्याच चढावर, तोच ट्रेलर घेऊन, जुना ५५० दाखवत होता आणि नवा ७१५. मी पाय उचलला.