के-एप्सिलॉन, स्पालार्ट-अल्मारस आणि एसएसटी: आठ महिने वापरल्यावर

संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवणारा सॉल्व्हर एकच, त्यातली टर्ब्युलन्सची (खळबळत्या प्रवाहाची) मॉडेल्स तीन. सुरुवात अर्थातच स्टँडर्ड के-एप्सिलॉनने केली. स्वभावाने गरीब मॉडेल. सुरुवातीच्या किमती कशाही द्या, रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली चूक) निमूट खाली येतात. सरळ पाइपातली दाबघट काढायला आजही तेच लावतो.

त्याची खरी परीक्षा झाली पायरीवर, म्हणजे तळ एकदम खाली उतरतो अशा मार्गात. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५ च्या प्रयोगात पायरीच्या कडेवरून सुटलेला प्रवाह तिच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर पुन्हा तळाला टेकतो. के-एप्सिलॉनमध्ये तो फारच आधी टेकला. एडी व्हिस्कॉसिटी (भोवऱ्यांच्या मिसळण्याऐवजी मॉडेल धरतं तो जादा चिकटपणा) जरुरीपेक्षा जास्त, त्यामुळे मिसळणं जोरात आणि भोवरा आखूड.

मग मेंटरचं १९९४ चं के-ओमेगा एसएसटी घेतलं. पहिल्याच रनमध्ये उत्तर जवळजवळ ६.२६! दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, स्कीम (समीकरणं आकड्यांत उतरवण्याची पद्धत) फर्स्ट ऑर्डर अपविंड, म्हणजे सर्वात ढोबळ, तीच राहिली होती. सेकंड ऑर्डर लावताच प्रवाह आणखी पुढे जाऊन टेकला. म्हणजे मॉडेल भोवरा लांबवत होतं, स्कीमची कृत्रिम विसरणशीलता (आकडेमोडीतून आलेलं जादा मिसळणं) तो आखडत होती आणि वजाबाकीचं श्रेय मी घेत होतो.

एसएसटी भिंतीपाशी लाड करून घेतं. वाय-प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ च्या आसपास हवा. माझ्या पहिल्या मेशमध्ये (सेलच्या जाळीत) तो ८ होता, म्हणजे धड चिकट थरातही नाही आणि ३० च्या पुढच्या लॉग थरातही नाही. मेश बारीक केली, तरी भिंतीजवळचं घर्षण विचित्रच. भिंतीवरचा ओमेगा (मॉडेलमधला खळबळ विरण्याचा दर) मी हाताने भरला होता. तो भिंतीपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पहिली सेल निम्मी केली की चौपट व्हायला हवा. माझ्या फाइलमध्ये जुनाच आकडा. आठवडा गेला त्यात.

स्पालार्ट-अल्मारसबद्दल थोडक्यात: एकच समीकरण, वेगवान, पंखाला चिकटून वाहणाऱ्या प्रवाहाला उत्तम. गोल जेटला लावू नका, जेट भलताच फाकतो.

सध्या रोजचं काम एसएसटीवर चालतं. तक्रार एकच, आणि ती तिघांबद्दलही आहे: चौकोनी डक्टच्या कोपऱ्यात प्रत्यक्षात छोटे दुय्यम भोवरे असतात, या मॉडेल्समध्ये त्या जागी शून्य दिसतं. रेषीय बुसिनेस्क गृहीतकात (खळबळीचा ताण वेगाच्या उताराच्या सरळ प्रमाणात धरणं) ते येणारच नाहीत, मेश कितीही बारीक करा. त्यासाठी आता रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल (त्या ताणांची समीकरणं थेट सोडवणारं) लावून बघतोय. तूर्त तरी ते दर दोनशे इटरेशनला कोसळतंय.